कातळिक

दगड पालथा पडला होता. लिंबाखाली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांशेजारी, तोंड मातीत खुपसून. पाठीवर छिन्नीच्या तिरक्या रेघा होत्या, उलट्या बाजूला उतरणाऱ्या. डावखुऱ्या हाताच्या. आमच्या भागात असा डावखुरा घाव घालणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो पाथरवट नव्हता. विहिरी खोदायचा. माझा बा.

तीर्थपुरीपासून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आले होते. मायला भेटायचं, रविवारची प्रार्थना करायची आणि जालन्याला परत, एवढाच बेत होता. पण वस्तीच्या तोंडालाच ओल्या सिमेंटचा वास आला आणि पाय आपोआप चर्चकडे वळले. चर्च म्हणजे काय, एक खोली. पूर्वी पत्रे होते, आता स्लॅब टाकलाय. दारावर मात्र खिंडार. दात पडलेल्या तोंडासारखं.

"आल्या का ताई! बघा, कसं चकाचक करून राह्यलो." पास्कल म्हणाला. हा माझ्या धाकट्या काकाचा मुलगा. कुंभार पिंपळगावात त्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे आणि चर्चच्या कमिटीत त्याचा शब्द चालतो. पोरगा वाईट नाही. पदरचं सिमेंट घालतो.

"दगड काढला?"

"काढला. तिथं आता ग्रॅनाइट. जालन्यातून करून आणलंय, सोनेरी अक्षरात. पवित्र कॅथलिक चर्च. बराबर लिव्हलेलं."

"आणि ह्याचं काय?"

"ह्याची पायरी करतो की. मजबूत दगड हाय, वाया कशाला घालायचा? असाच पालथा बसवतो. म्हंजे अक्षरं दिसायची न्हाईत." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "माणसं हसतेत ताई. मागं कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकल्ता. खाली नुसती हसणारी तोंडं."

त्या दगडावर दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत 'पवित्र'. दुसऱ्या ओळीत 'कातळिक'. तिसऱ्या शब्दाला जागा उरली नाही.

आता सांगूनच टाकते. तो शब्द चुकीचा आहे, हे मला पास्कलच्या आधीपासून ठाऊक आहे. मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली, पदवी घेतलेली. शब्द कसा लिहितात, कुठून येतात, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही मी त्या दगडावर बसले. बॅग मांडीवर घेतली आणि बसले.

"ताई, उठा. गवंडी खोळंबलाय."

"खोळंबू दे."

दगड उन्हानं तापला होता. खालून ऊब वर चढत होती, आणि त्या उबेला वास होता.

बाच्या अंगाला हाच वास यायचा. दगडाची भुकटी, घाम आणि सुरुंगाच्या दारूचा जळका वास. तो घरात शिरायच्या आधी त्याचा वास शिरायचा. उंबऱ्यात घण उतरवायचा, पहार भिंतीला टेकवायचा, तिचा टणकन आवाज यायचा, आणि माय चुलीपुढून म्हणायची, "आला कातळ." भुवयांवर पांढरी धूळ बसलेली असायची. डोळे तेवढे माणसाचे, बाकी सगळा दगडाचा.

विहिरीचा एक क्रम असतो. वर काळी माती, तिचा वास ओला आणि गोड. मग मुरूम, कोरडा, नाकात हुळहुळणारा. मग मऊ खडक, टिकावाला दाद देणारा. आणि मग एके दिवशी पहार वाजते. आधी धप्प धप्प वाजणारी पहार एकदम खणकन बोलते. वरच्या माणसांना ते ऐकू जातं आणि सगळे एका सुरात म्हणतात, "कातळ लागला." त्या दिवसापासून खरी विहीर सुरू. मग सुरुंगाची भोकं, मग "बाऽर हाय, बाऽर हाय" अशी हाळी, रानातल्या बाया गुरं घेऊन लांब पळायच्या, आणि त्यानंतर जो आवाज व्हायचा तो कानांनी नाही, पायांनी ऐकू यायचा.

पाणी लागलं की मालकाची बायको नारळ आणि हळदकुंकू घेऊन यायची, विहिरीची ओटी भरायची. बा तेव्हा खाली, तळाशी, गुडघाभर नव्या पाण्यात उभा. वर आला की त्याला प्यायला पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. त्याच विहिरीचं. सगळीकडे असं होतं असं मी म्हणत नाही. पण होतं, मी पाहिलंय, म्हणून लिहिते.

संध्याकाळी दिवा लागला की आमच्याकडे प्रार्थना. गोधडी अंथरायची, गुडघे टेकायचे. समोर मरियामातेची तसबीर, तिला प्लास्टिकची गुलाबी फुलं, दर नाताळला धुऊन पुन्हा तीच लावलेली. धुपाऐवजी चुलीचा धूर. माय आमची जुन्या जालन्याची. धान्याच्या आडतीमागच्या गल्लीत तिचं माहेर, सगळे प्रोटेस्टंट. तिथल्या बाया बायबल वाचायच्या, बाकांवर बसायच्या आणि तसबिरीपुढे वाकायच्या नाहीत. कॅथलिक घरात ती कशी आली, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आली ती काळ्या पुठ्ठ्याचं बायबल आणि स्वतःचे शब्द घेऊन आली, एवढं खरं.

दोघं मिळून विश्वासाची प्रार्थना म्हणायचे, आपला कशाकशावर विश्वास आहे ते एकेक करून सांगणारी. मायला वाचता यायचं, बाला नाही, पण त्याला सगळी पाठ. दोन आवाज, एक घणासारखा, एक सुपात धान्य पाखडल्यासारखा, शेजारी शेजारी चालायचे. "पवित्र आत्म्यावर" इथपर्यंत बरोबर. आणि मग वाट फुटायची. बा म्हणायचा, "पवित्र कातळिक ख्रिस्तसभेवर." माय त्याच वेळी, त्याच्याहून मोठ्यानं, "पवित्र सार्वत्रिक मंडळीवर." एक क्षण सगळा गोंधळ. कुणाचंच धड ऐकू यायचं नाही. आणि पुढच्याच श्वासाला दोघं पुन्हा एका वाटेवर, "संतांच्या समागमावर." जणू मधे काही झालंच नाही.

लहानपणी मी त्या अडखळीची वाट बघत गुडघ्यावर बसायचे. बाकीच्या प्रार्थनेत झोप यायची. तिथं मात्र घर जागं व्हायचं.

प्रार्थना संपली की भांडण.

"कातळिक, कातळिक! हाय का कुठं बायबलात? दाखव की," माय म्हणायची.

"मला काय दाखवती? मला वाचता येतं का? पण येशूनं पेत्राला काय म्हणलं? ह्या खडकावर माझी मंडळी बांधीन म्हणला. खडक म्हंजे काय? कातळच की."

"बघ, तूच म्हणला, मंडळी! सभा न्हाई म्हणला."

"मंडळी म्हंजे बायकू. सगळा गाव बायकूला मंडळी म्हणतो. मी रोज देवापुढं म्हणू का, माझा बायकूवर विश्वास हाय?"

"म्हण की. एखांद्या दिवशी तरी म्हण."

मग बा हसायचा. हसताना त्याच्या भुवयांतली धूळ उडायची.

शाळेत नाव घालायला बाच घेऊन गेला होता. गुरुजींनी विचारलं, धर्म? ख्रिश्चन. त्यात काय? कातळिक. गुरुजींनी मान वर केली, बाकडे बघितलं, आणि जसं ऐकलं तसं लिहिलं. त्यांचंही काही चुकलं नाही. माझ्या दाखल्यावर तोच शब्द आला. आमच्यासाठी तो शब्द तसाच होता, पाणी जसं पाणी असतं तसा.

म्हणून मी चौथीत असताना, चर्च बांधून झालं आणि बानं विहिरीतून निघालेला चांगला सपाट चिरा दारासाठी घडवायला घेतला, तेव्हा काही अडचण आली नाही. त्याला अक्षर येत नव्हतं. त्यानं कोळशाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "लिव्ह बाई." मी दगडावर पोट टेकून पडले आणि लिहिलं. अक्षरं माझी, छिन्नी त्याची. तीन दिवस टक् टक् टक् चाललं होतं. मी शेजारी बसून फुंकर मारत होते, भुकटी उडवत होते, जिभेवर दगडाची चव येत होती. 'ळ' कोरताना तो थांबला. "ह्याला दोन डोळे हायेत," म्हणाला, आणि ते दोन डोळे त्यानं इतके जीव लावून कोरले की अख्ख्या दगडात तेच एक अक्षर आधी दिसतं.

तेव्हाचे फादर दूरचे होते, मराठी सावकाश वाचायचे. दगड वर चढल्यावर त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाचलं, थबकले, पुन्हा वाचलं. मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "असू दे," म्हणाले. "दगडावरचं कोण खोडणार?" आणि पवित्र पाणी शिंपडलं. उन्हानं तापलेल्या दगडावर थेंब पडताच वाळून गेले.

गवंडी तंबाखू मळत माझ्याकडे बघत होता. "बाई, गणेशपट्टीची जागा उघडी ठेवून चालत न्हाई," म्हणाला. दारावरच्या दगडाला आमच्याकडचे गवंडी गणेशपट्टी म्हणतात. घर कुणाचं का असेना. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही नाही.

पुढं मी जालन्याला कॉलेजात गेले. प्रवेशाच्या खिडकीवर माझा दाखला हातात धरून आतला माणूस मोठ्यानं म्हणाला, "कातळिक? ही कोणती नवीन जात काढली बाई? यादीत तर न्हाई." मागची रांग हसली. मीही हसले. हे लिहायला अजून हात जड होतो. पण हसले. माझ्या बाच्या तोंडच्या शब्दावर, माझ्याच अक्षरावर, त्या रांगेसोबत मीही हसले.

त्यानंतर मी लायब्ररीत तो शब्द शोधला. एकटीनं, जाडजूड पुस्तकांच्या कुबट वासात, वही घेऊन. शब्द ग्रीक निघाला. मूळ अर्थ, संपूर्णाच्या अंगानं. तुकडा नाही, सगळं. फार जुन्या काळात एका म्हाताऱ्या बिशपला साखळदंड घालून रोमला मारायला नेत होते. त्यानं वाटेतून एका गावाच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात हा शब्द मंडळीसाठी वापरलेला पहिल्यांदा सापडतो. पुढं मंडळीत भांडणं झाली, माणसं फुटली. एका बाजूनं तो शब्द स्वतःचं नाव म्हणून लावला. दुसऱ्या बाजूनं तो नावाला लावला नाही, पण प्रार्थनेतून सोडलाही नाही. आपापल्या भाषेत त्याचा अर्थ लिहिला. मराठीत लिहिला, सार्वत्रिक.

मी पेन खाली ठेवलं. आमच्या घरात इतकी वर्षं रोज दिवेलागणीला ज्या दोन शब्दांचं भांडण चाललं होतं, ते दोन शब्द नव्हतेच. एकच होता.

आणि ज्या शब्दाचा अर्थ सगळे असा होतो, त्याचंच माणसांनी कुंपण केलं होतं. मला तेव्हा राग आला. अजून येतो.

दिवाळीच्या सुटीत घरी आले ती शहाणी होऊन आले. बा तीर्थपुरीच्या बाजूला एका विहिरीवर होता. मी त्याची भाकर घेऊन गेले. विहिरीच्या काठावर बसून तो भाकरीवर ठेचा पसरत होता, आणि मी त्याच्या सोबतीच्या माणसांपुढं म्हणाले, "बा, तो शब्द कातळिक न्हाई."

"मंग?"

"कॅथलिक."

"तेच म्हणून राह्यलो की."

"न्हाई, तू कातळ म्हणतो. त्याचा कातळाशी बिलकुल संबंध न्हाई. गिरीक शब्द हाय तो. लांबच्या देशातला."

"तिथं कातळ नसतो का?"

सोबतीची माणसं हसली. मला आणखी चेव आला. मी वहीतलं सगळं सांगितलं. संपूर्ण. सगळ्यांचा. कुणाला बाहेर न ठेवणारा.

बानं घास खाली ठेवला. विहिरीच्या उघड्या भिंतीकडे हात केला, बोटांना ठेचा लागलेला.

"हे बघ. वर काळी. मालकाच्या रानात कंबरभर, आपल्या वावरात वीतभर. तिथं फरक हाय. खाली मुरूम, त्याच्यात बी फरक हाय. पर त्याच्या खाली? कातळ. त्यो इथं बी हाय अन् आपल्या वस्तीखाली बी हाय. एकच हाय. बांध वरच्यावर असतेत लेकरा. कातळाला बांध न्हाई." मग घास उचलला. "तू जे म्हणून राह्यली तेच म्या म्हणून राह्यलो. बराबरच हाय की."

मला तेव्हाच कळायला हवं होतं! पण मी पुस्तकातून नुकतीच उठून आले होते. म्हणाले, "असं नसतं बा. शब्दाचा अर्थ आपण ठरवत नसतो. तो पुस्तकात असतो."

त्यानं हातातला घास संपवला, बोटं चाटली.

"असंल," म्हणाला.

उरलेली भाकर फडक्यात बांधली, आणि दोराला धरून खाली उतरला. तळातून पहारीचा आवाज आला. खणकन.

शब्द त्यानं बदलला नाही. शेवटपर्यंत नाही. पण त्या दिवसानंतर मी शेजारी असले की तो त्या जागी आवाज खाली घ्यायचा. मायचं "सार्वत्रिक" एकटंच ऐकू यायचं, आणि त्याचं पुटपुटणं. अडखळ गेली. घर त्या जागी जागं व्हायचं, ते थांबलं. हे मी केलं. पुस्तकानं नाही, मी.

आता बा नाही. विहिरी आता यंत्रं खोदतात. "बार हाय" अशी हाळी शेवटची कधी ऐकली, आठवत नाही.

"मोठी माय, तूच सांग बरं हिला," पास्कलचा आवाज आला. त्यानं मायलाच बोलावून आणलं होतं. माय काठी टेकत आली, लिंबाच्या सावलीत उभी राहिली, धाप घेतली. मला त्या दगडावर बसलेली बघून तिला नवल वाटलं नाही.

"मोठी माय, शब्द चुकलाय का न्हाई? खरं सांग."

"चुकलाय," माय म्हणाली. "चाळीस वर्सं म्या तेच म्हणून राह्यले. कुणी ऐकलं का माझं?"

"झालं! ऐकलं का ताई?"

"थांब रे. चुकलाय, पर चूक आमच्या घरातली हाय. तिच्यावर भांडायचं तर म्या भांडीन. तू कोण तिच्यावर पाय देणारा?"

पास्कल हळूच म्हणाला, "पण मोठी माय, नवीन फादर काय म्हणतील? लोकं काय म्हणतील?"

तेव्हा मी उठले. "मी सांगते लोकांना काय म्हणायचं ते. त्या तुझ्या सोनेरी शब्दाचा अर्थ माहितीये तुला? सगळे. एकही बाहेर नाही. ज्या चर्चमधे एका विहिरी खोदणाऱ्याच्या एका 'ळ'ला जागा नाही, त्या चर्चवर तो शब्द सोन्यानं लिही नाहीतर हिऱ्यानं लिही, तो खोटाच. ग्रुपवर टाक म्हणावं हे पण. आणि खाली लिही, अक्षर माझं आहे. चौथीतलं. हसायचं तर माझ्याकडे बघून हसा."

"अन् ग्रॅनाइटचं काय करू मंग?"

"आत लाव. वेदीशेजारी. दोन्ही राहू देत. एकच शब्द आहे तो."

"एकच कसा काय?"

"बस, सांगते," मी म्हणाले. पण गवंड्यानं तंबाखू थुंकली आणि पहार उचलली, आणि सगळे दगडाभोवती गोळा झाले. तो उलथला तेव्हा मातीत अक्षरांचा ठसा राहिला होता, उलटा. दगडावर आधी दिसले ते 'ळ'चे दोन डोळे. मी पदरानं त्यांच्यातली माती काढली. फुंकर मारली. जिभेवर तीच चव आली.

"काय वजन हाय!" पास्कल घामाघूम होत म्हणाला. "काका एकट्यानं कसा आणल्ता हा?"

"एकट्यानं न्हाई," माय म्हणाली. "दुसऱ्या टोकाला म्या होते."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं नाही. जिला तो शब्द कधी पटला नाही, तिनं तो खांद्यावर वाहून आणला होता.

रविवारी सकाळी प्रार्थना त्याच दारातून आत जाऊन झाली. सिमेंट अजून ओलं होतं, खाली टेकू लावलेले. आत शिरताना प्रत्येकाला जरा वाकून जावं लागत होतं. नवे फादर तरुण आहेत. त्यांनी वर बघितलं, हात वर करून दगडाला बोटं लावली आणि आत गेले.

माय माझ्या शेजारी. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास. सगळे उभे राहिले, विश्वासाची प्रार्थना सुरू झाली. "पवित्र आत्म्यावर" इथपर्यंत मी सगळ्यांसोबत आले. मग श्वास घेतला, आणि मला जेवढं मोठ्यानं म्हणता येतं तेवढ्या मोठ्यानं, भर चर्चमधे म्हणाले, "पवित्र कातळिक ख्रिस्तसभेवर."

पुढच्या बाकावरच्या दोन माना वळल्या.

आणि शेजारून, माझ्याहून मोठा, सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज आला, "पवित्र सार्वत्रिक मंडळीवर!"

एक क्षण सगळा गोंधळ. कुणाचंच धड ऐकू आलं नाही. मग संतांच्या समागमापाशी आम्ही सगळे पुन्हा एक झालो.